खारनिवळीच्या बांधाचे कोपर

खाडीच्या मुखाकडून चालत आलात तर खारनिवळीचा बांध सुताने आखल्यासारखा सरळ दिसतो. एका बाजूला तिवरांची राई आणि खाडीचे करडे पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे. अर्ध्या वाटेवर मात्र हा बांध एकाएकी आत वळतो. कोणी हात दुमडावा तसे त्याला कोपर पडले आहे. एका खोल डोहाला वळसा घालून तो पुन्हा आपल्या जुन्या रेषेवर येतो आणि पुढे सरळ जातो.

बाहेरून आलेली माणसे या कोपराशी थांबतात आणि विचारतात, देऊळ कुठे आहे? कारण तालुक्याच्या गावी वाटतात त्या पुस्तिकेत छापले आहे की, इथे एका पतिव्रतेने स्वतःला खाडीच्या स्वाधीन केले आणि तिच्या सत्त्वाने हा बांध आजवर टिकला. वाचणाऱ्याला वाटते, निदान शेंदूर फासलेला एखादा दगड तरी असेल. इथे दगड नाही, देऊळ नाही आणि कोणी स्वतःला कोणाच्या स्वाधीन केलेले नाही. ही पुस्तिका मी शिकायला होतो त्या दूरच्या शहरातही पोचली होती, आणि तिथली शिकलेली माणसे ती वाचून हळवी व्हायची. गावी परतल्यापासून जो येईल त्याला मी इथे उभा करून खरी आख्यायिका सांगतो. गावात ती अशी सांगतात.

पूर्वी म्हणे इथे खाचरे नव्हती. भरतीचे पाणी थेट डोंगराच्या पायथ्याला लागायचे. माणसे मीठ पिकवायची, मासे धरायची, उतारावर थोडी नाचणी लावायची. समोरच्या टेकाडावर अंताजी खोताचे घर होते. एक दिवस ओटीवर बसल्या बसल्या खोताच्या मनात आले की खाडी मागे हटवावी आणि तिथे भात करावा. त्याने ओटीवरूनच बोट फिरवून बांधाची रेघ दाखवली. गावातल्या जाणत्यांनी सांगून पाहिले की मध्ये डोह आहे, तिथे बूड लागत नाही, वळसा घालून गेलेले बरे. त्यावर खोत म्हणाला, आमची रेघ वाकत नसते.

मग वेठ सुरू झाली. घरटी एक बाप्या आणि एक बाई ओहोटीला खाडीत उतरायची, चिखलाच्या ढेपा कापायची, पाट्या भरून रेघेवर नेऊन टाकायची. वर मुकादम उभा असे. त्याच्या हातात भिजवलेल्या काथ्याचा दोर होता. कोणी किती पाट्या टाकल्या एवढेच तो बघायचा. पाटी कुठे पडली, कशी पडली, खालचा थर बसला की नाही, याच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते. चालणारा माणूस कामाचा आणि थांबलेला माणूस आळशी, एवढीच त्याची अक्कल.

खाडीकाठच्या बांधाचा खरा वैरी भरती नव्हे. चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा. चिंबोऱ्या ओल्या बांधाला भोके पाडतात. बाहेरून भोक बोटाएवढे दिसते, पण आत ते हातभर जाते, आणि उधाणाचे पाणी त्याच वाटेने बांधाचे पोट पोखरते. हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. पहिल्या दिवसांत कान्हू नावाचा एक म्हातारा असेच एक भोक बुजवायला खाली बसला. मुकादमाने विचारले, बसायला आलास काय, आणि दोर त्याच्या पाठीवर ओढला.

त्यानंतर कोणी खाली बसले नाही. भोके सगळ्यांना दिसत होती. दिसली की माणसे एकमेकांकडे बघायची आणि पाटी घेऊन पुढे जायची. रात्रीच्या जेवणावर घराघरात हळू आवाजात एकच बोलणे होई. खोताचा बांध आहे, फुटेना का. असे सांगतात की त्या बोलण्यात माणसांना थोडे सुख वाटायचे. मला त्यांचा राग येत नाही. ज्याच्या हातात काहीच ठेवलेले नाही, त्याच्याकडे कधी कधी तेवढेच सुख उरते.

बांध फुटायचाच. दर उधाणाला फुटायचा, आणि दर वेळी डोहापाशीच. मोठी खांड, म्हणजे भगदाड, पडायची, आतले गोडे झालेले रान पुन्हा खारे व्हायचे. खोत म्हणायचा, कष्ट कमी पडतात. मग वेठ वाढायची, घरटी दोन बाप्ये आणि दोन बाया उतरायच्या आणि दोर जास्त चालायचा.

अशाच एका उधाणात खांड पडत असताना मुकादमाने पोशा नावाच्या तरुण गड्याला खुंट ठोकायला खाली उतरवले. वरचा सगळा चिखल सरकला. पोशा दुसऱ्या ओहोटीला तिवरांत सापडला. त्याच्या घरी दोघीच राहिल्या, आई पदी आणि बायको चांगुणा. खोताने निरोप धाडला, की पोशाची त्या दिवसाची पाळी पुरी धरली जाईल.

हे वाक्य आमच्या गावात अजून जसेच्या तसे सांगतात. सांगताना कोणी आवाज चढवत नाही.

चिखल माणसाला गिळतो, हे बघून खोताला वेगळीच शंका आली. त्याने कुठूनसा एक भगत आणवला. भगताने खाडीकडे तोंड करून अंग घुमवले आणि सांगितले की, खाडीने जोडीतला एक घेतला आहे, ती दुसरा मागते आहे. पोशाची बायको येत्या पुनवेला, भरती टेकेल तेव्हा, खांडीत उतरवा. खाडी निवेल आणि बांध कायमचा उभा राहील. खोताला हे पटले. त्याच्या रेघेत चूक आहे हे पटण्यापेक्षा पटायला ते फार सोपे होते. आणि चांगुणाला विचारणारे कोण होते? नवरा मेलेला, माहेर डोंगरापलीकडे.

मुकादम घरी सांगून गेला तेव्हा चांगुणा मासळी साफ करत होती. तिने हात धुतले आणि सासूला विचारले, "आये, मी पलून जाऊ?"

पदी म्हणाली, "पलून कुठं जाशील? जिकडं जाशील तिकडं कोनतरी खोत असंलच. तू मासली कर. मी येतंय."

ती तडक टेकाड चढली आणि खोताच्या ओटीखाली जाऊन उभी राहिली. तिने मागितले ते एवढेच. आता भांगाची भरती आहे, पाणी थोडे चढते. तेवढ्या दिवसांत गाव खांड बांधील. पण बांधावर मुकादम नको, पाट्यांवर डोळा नको, आणि रेघ गावाची. पुनवेच्या उधाणाला बांध फुटला, तर पदी आपल्या पायाने खांडीत उतरेल. सून घरी राहील.

खोत हसला. म्हणाला, "अगं, सगळं गाव वर्षभर कष्ट करून दमलं, आणि तू म्हातारी काय करणार आहेस?"

"कष्ट नाय केलं कोनी, धनी," पदी म्हणाली. "राबलो. कष्ट मानूस आपल्या चुलीसाठी करतं. आनि बांध कष्टानं पन राहात नाय. त्याला निगुत लागते. ती तुमच्या दोराला कवा गावली नाय, आनि गावनार पन नाय."

आमच्याकडे कामाला पुष्कळ शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुसऱ्याच्या हुकमाने पाठ वाकते ते राबणे. करता करता अंगच उरत नाही, त्याला खपणे म्हणतात. पण काम संपले तरी ज्यातून मन निघत नाही, हात पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन चाचपून बघतो, ती निगुत. माणसाला मारून राबवता येते. खपवताही येते, पोशाला खपवलाच की. निगुत मात्र आजवर कोणाला मारून काढता आलेली नाही. शहरातल्या कचेऱ्यांत भिंतींवर परिश्रमाची मोठमोठी वाक्ये टांगलेली मी पाहिली आहेत. ती टांगणाऱ्यांपैकी किती जणांना हा फरक ठाऊक असेल, कोण जाणे.

खोताने भगताकडे पाहिले. भगत म्हणाला, त्याच घरातले माणूस असले म्हणजे झाले. खोताने मान हलवली. त्याचे जाणार काय होते? बांध टिकला तर जमीन त्याची. फुटला तर स्वखुशीने चालत आलेला बळी, ना रडारड ना ओढाताण. असल्या माणसांचा सौदा नेहमी असाच असतो, दोन्ही पारडी त्यांचीच.

पदीचे अवघड काम पुढेच होते. तिने गावाला गोळा केले तर कोणी जागचे हलेना. चांगुणाला होडीत घालून पलीकडे पोचवू म्हणाले, तुलाही पोचवू म्हणाले, पण खोताच्या बांधाला आता हात लावणार नाही. कान्हू म्हातारा तर तिच्यावर उखडला. "पदे, तुजा पोर त्या चिखलात मेला. आनि तू तोच चिखल थापाला निंगालीस? लाज कशी वाटत नाय तुना?"

पदी त्याच्यासमोर जाऊन बसली. असे सांगतात की तिचा आवाज इतका खाली होता, की मागच्या माणसांना पुढे सरकावे लागले.

"कान्हूदादा, भोकां तू बगितलीस. मी पन बगितली. फुटायच्या आदल्या दिवशी डोहावर पानी झिरपत होता, तो सगल्यांनी बगितला. आपन गप राह्यलो. खोताचा बांध फुटावा म्हनून गप राह्यलो. तो फुटला तवा खोत ओटीवर होता. खाली माजा पोश्या होता."

मग ती सगळ्यांकडे वळली.

"खोताच्या नावानं मना एक पाटी पन टाकाची नाय," ती म्हणाली. "पन माज्या सुनंच्या अंगावर फुटंल असा बांध मी आता ठेवनार नाय. ज्याला यायचा त्यानं या."

कान्हू उठला. मग बाकीचे उठले.

त्यांनी आधी सरळ रेघ सोडली. डोहाला हात न लावता आतून वळसा धरला, म्हणून बांधाला हे कोपर पडले. चिखल बांधाच्या बुडाजवळून कापायचे बंद केले, कारण घाईघाईत जवळचा चिखल उचलून आजवर ते बांधाचाच पाया खणत आले होते. आता ढेपा लांबून आणायच्या. खालच्या थरावर वाळलेली साय धरलेली असे, ती खरवडायची, ओले ओल्याला चिकटवायचे आणि मग सगळ्यांनी मिळून ते पायांनी मळायचे. दुसरा थर लगेच टाकायचा नाही. भरती येऊन जाऊ द्यायची, आणि तेवढा वेळ बांधावर बसून पाणी कुठे पाझरते ते बघत राहायचे.

मुकादम लांब तिवरांपाशी उभा राहून ओरडायचा, की बसल्यात सगळ्या, काम सोडून बसल्यात. बायकांपैकी कोणीतरी त्याला सांगितले, "तू पन बस रं बाबा, उभा राहून पाय सुजलं असतील तुजं." त्यानंतर तो जरा गप्प झाला, असे सांगतात.

ओहोटी लागली की बायका ओळीने बांधाच्या उतारावर उतरायच्या. भोक दिसले की हात घालायचा, कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत. आतली चिंबोरी ओढून काढायची, मग पेंढा मिसळलेला चिखल बोटांनी आतपर्यंत ठासायचा. चिंबोरी चावायची. रक्त यायचे. ती संध्याकाळी कालवणात जायची, तेवढाच सूड. चांगुणाची बोटे सगळ्यांत लांब. दुसऱ्या बायकांचा हात पुरला नाही की तिला हाक जायची. आपल्या जागी सासू खांडीत उतरायचा दिवस ठरलेला असताना ती पोर अशी एकेक भोक चाचपत हिंडत होती.

पुनवेला खोत वाजंत्री घेऊन आला. भगत आला. हळदीकुंकवाचे ताट आले, कारण बळी देताना म्हणे सगळे रीतीने करायचे असते. भर दुपारी उधाण चढले. तिवरे शेंड्यापर्यंत बुडाली. पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर कमी, अशा बेताने येऊन टेकले. सगळे गाव बांधावर ओळीने उभे होते, नजर पाण्याकडे नाही, तर आतल्या बाजूच्या कोरड्या उतारावर. पदी कोपराच्या टोकाला उभी होती. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट मारून ठेवला होता, उतरायचे झाले तर पायात येऊ नये म्हणून.

एका ठिकाणी ओल दिसली. मग त्या ओलीतून पाणी झिरपू लागले आणि ते गढूळ होते. पाणी गढूळ आले म्हणजे बांध आतून विरघळतो आहे. वाजंत्र्यांनी ताशावर काठी टाकली. भगत पुढे झाला. तोवर चांगुणा खाली बसली होती. तिने हात खांद्यापर्यंत आत घातला, गाल चिखलाला टेकला आणि आत बोटांनी काहीतरी शोधत राहिली. तिच्या मागे कान्हू पेंढा वळून देत होता. ती एका हाताने घेत होती, ठासत होती. पाणी अजून येत होते, मग थेंब थेंब, मग निवळ, मग नाही. ती तशीच पडून राहिली. उधाण टेकले, थांबले आणि उतरू लागले.

बांध राहिला.

पुस्तिकेतले ते सत्त्व आले ते इथून, म्हणून मी तिच्यावर इतका चिडतो. खोत धावत पुढे आला. बळीसाठी आणलेले तेच ताट त्याने पदीसमोर धरले, त्याच कुंकवात बोट बुडवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला. "ही साक्षात देवी आहे. हिच्या सत्त्वानं आणि आमच्या घराण्याच्या पुण्याईनं खाडी हटली. या जागी आम्ही हिचं देऊळ बांधू."

पदीने त्याचा हात कपाळापासून बाजूला केला.

"पुन्याई?" ती म्हणाली. "पोश्या मेला तवा कुठं गेल्ती ती? माजी सून दुपारपासून चिखलात पडल्ये, तिच्या हाताला कातडी राह्यली नाय, आनि तुमी मना देवी बोलता. मी देवी झाली तर या मानसांनी काय केला? खोत, जो मना देवी बोलंल त्यानं आमची निगुत चोरली. बलीचा ताट घेऊन आलाव, तो परत घेऊन जावा."

तोवर ती त्याला धनी म्हणत आली होती. त्या दिवसापासून ती त्याला खोत म्हणू लागली.

मग ती गावाला म्हणाली, बांध पुण्याईने उभा आहे, तेव्हा आपले इथे काम नाही, चला. सगळ्यांनी पाट्या बांधावर पालथ्या घातल्या आणि घरची वाट धरली. चांगुणाला दोघींनी धरून नेले.

खोताने मुकादमाला पाठवून पाहिले, दोर पाठवून पाहिला. माणसे आली, राबली, आणि भोकांकडे त्यांनी ढुंकून पाहिले नाही. पुढच्या पावसाळ्यातल्या उधाणाला कोपराशी पुन्हा ओल दिसू लागली. आता आत भाताची रोपे डोलत होती, म्हणून खोताची झोप उडाली. शेवटी तो स्वतः पदीच्या दारात आला. काय हवे ते माग म्हणाला. पदीने त्याला बांधावर नेले, एका भोकासमोर बसवले आणि म्हणाली, घाला हात.

खोताने हात घातला. आत चिंबोरी होती. त्याची किंकाळी टेकाडावरच्या त्याच्या घरापर्यंत ऐकू गेली, असे सांगताना आमच्याकडची म्हातारी माणसे अजून हसून हसून डोळे पुसतात. पदीने त्याला हात काढू दिला नाही. भोक पुरते बुजेपर्यंत तो तसाच गुडघ्यांवर होता, शेजारी चांगुणा त्याला पेंढा देत होती. मग पदीने विचारले, बांध कोणी राखला? त्याने पुण्याईचे नाव घेतले नाही. म्हणाला, "तुम्ही. तुमच्या निगुतीने." त्या दिवशी मुकादमाचा दोर खाडीत गेला आणि बांधाची राखण गावाची झाली, घरटी आपापला तुकडा.

जमीन मात्र खोताचीच राहिली. हे मी लपवत नाही. ती कसणाऱ्यांच्या नावावर व्हायला पिढ्या गेल्या, आणि त्या पिढ्यांत किती पोशा गेले ते कोणी सांगत नाही. पदी म्हातारपणी घरीच गेली. मरताना तिने बजावले होते, की माझ्या नावाने बांधावर दगड ठेवाल तर त्याच्याखाली चिंबोरी घर करील.

आजही कोपराशी दगड नाही. आजही पावसाळा सरला की सगळे गाव ओहोटीला बांधावर उतरते, आणि आजही ज्याला या बांधाविषयी चार शब्द बोलायचे असतील, मग तो साहेब असो की पुढारी, त्याने आधी खाली बसून एक भोक हाताने बुजवायचे असते. हातमोजे चालत नाहीत. काही बसतात, एक तरुण इंजिनिअर तर खांद्यापर्यंत चिखलात गेला आणि मग बोलायचेच विसरला. गेल्या वर्षी एक मोठे गृहस्थ पदीमातेच्या देवळाचा आराखडा घेऊन आले होते, सोबत फोटो काढणारे आणि हारांची टोपली. बायकांनी त्यांना भोक दाखवले. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी आपल्या पांढऱ्या बाहीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि पुन्हा केव्हातरी येतो म्हणून गाडीत जाऊन बसले.

देऊळ झाले नाही. भोक बायकांनी बुजवले.